शून्य तर बरोबर दाखवतोय

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज आमच्या घरात बारापट आनंद झाला आणि चहा निवायच्या आत ओसरलाही.

झालं ते असं. बायकांच्या रक्तात एक हार्मोन असतं, त्यावरून पोटात बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज लागतो आणि मूल होण्यासाठी द्यायच्या इंजेक्शनांचा डोस ठरतो. पुलाजवळच्या लॅबने बायकोचा आकडा दिला १.६. माझा त्या लॅबवर काडीचा विश्वास नाही. मागच्या वेळी तिच्याच आकड्यावर विसंबून आधीच्या डॉक्टरांनी डोस चढवला, हिचं पोट फुगलं, आठवडाभर कण्हत पडून होती आणि उपचार मध्येच बंद करावे लागले. तेव्हाच ही म्हणाली होती, "आणखी एकदाच करीन. त्यानंतर मला कुणी काही विचारायचं नाही." म्हणून या खेपेला मी बँकेच्या वरच्या लॅबमध्येही रक्त द्यायला लावलं. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणार.

दुपारी तिथला रिपोर्ट आला. १९! मी माझ्या वजनकाट्यांच्या दुकानातून धावत घरी. वाटेत सासूबाईंना फोन केला, "बारापट आहे तुमच्या लेकीचं!" त्यांना काही कळलं नाही, पण त्या रडल्या. त्या फोनवर लगेच रडतात.

बायको ड्रायव्हिंग स्कूलमधून आली. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबत असते, घरीही तोच पाय असतो. कागद हातात घेतला आणि म्हणाली, "आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते वाच."

दोन्ही लॅबची एककं वेगळी होती.

"वजनकाटे तपासणारा माणूस ना रे तू? उद्या ग्रॅम बघून किलो सांगशील गिऱ्हाइकाला."

हिशोब केला. एकोणीस म्हणजे पहिल्या लॅबच्या मापात अडीचच्या थोडं वर. चरफडलो. मग लक्षात आलं की तरी अडीच म्हणजे काही १.६ नव्हे. म्हणजे दोघांपैकी एक काटा खोटा आहे. आणि खोटा काटा कसा पकडायचा हे मला कुणी शिकवायला नको.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. आधी रिकाम्या काट्याचं शून्य बघायचं. मग काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघायचं. मग पुरतं वजन चढवून बघायचं. तेव्हा कुठे काट्याला खरा म्हणायचं.

तर लॅबचं शून्य कसं बघायचं? ज्याच्या रक्तात हे हार्मोन उरलेलंच नाही असं माणूस हवं. म्हणजे साठी उलटलेली बाई. म्हणजे सासूबाई. त्या चार घरं सोडून राहतात, फुरसत भरपूर, आणि लेकीसाठी काय वाटेल ते करतील.

मी गेलो आणि स्पष्टच सांगितलं, "तुमचं रक्त शून्य म्हणून हवंय."

त्या म्हणाल्या, "जावईबापू, पस्तीस वर्षं संसार केला, पण इतकं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं हो."

मग विचारलं, "उपाशीपोटी का जेवून?"

८ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंना दोन्ही लॅबमध्ये फिरवलं. नवी साडी, पावडर, हातात पर्स. रक्त द्यायला का लग्नाला, तेच कळेना. पुलाजवळच्या लॅबमधली रक्त काढणारी मुलगी चिठ्ठी वाचून हबकली.

"आजी, ही तपासणी तुम्हाला कशाला?"

"मला नको गं. मशीनला हवीय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ओळखपत्र दाखवलं. वजनकाट्यांचं आहे ते, पण फोटो छान आलाय त्यात. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला ताण नको.

रात्री बायकोने विचारलं, "आईच्या दोन्ही हातांना पट्ट्या कसल्या?" सासूबाई म्हणाल्या, "मांजर." त्यांच्याकडे मांजर नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही लॅबचा निकाल सारखाच: मोजता येण्याइतकंही नाही. शून्य बरोबर! सासूबाईंना कळवलं तर त्या खूश. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत, "मी दोन्हीकडे शून्य आले!" शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं म्हणे, आता औषध काय देणार?

बायकोलाही कळलं. ती हसली नाही आणि ओरडलीही नाही. "सुया मला टोचतात, आईलाही टोचवल्यास. आता शेजारीण उरली का?" असं म्हणून आत गेली. मला वाटलं होतं, जरा तरी कौतुक होईल.

पण शून्यावर भुलणारा मी नव्हे. बाजारातला सगळ्यात लबाड काटासुद्धा शून्य अगदी चोख दाखवतो. लबाडी असते ती वजन पडल्यावर. दुकानदार मला मोठ्या ऐटीत रिकामा काटा दाखवतात, "बघा साहेब, शून्य!" मी मनात म्हणतो, बेट्या, वीस किलो ठेवू दे, मग बोलू.

एक गोष्ट मात्र चांगली चाललीय. आज सकाळी घरच्या काट्यावर उभा राहिलो: सत्त्याहत्तर! गेल्या महिन्यापासून तीन किलो उतरलो. डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं वजन कमी करा म्हणून, आणि मी तोंडाने बोलत नाही, करून दाखवतो. आमचा काटा दुकानातलाच आहे, जुना प्लॅटफॉर्म काटा, मी स्वतः जुळवलेला. रोज पाय ठेवण्याआधी शून्य बघतो. शून्य बरोबर असतं.

पँट मात्र कमरेला लागेनाशी झालीय. हल्लीची कापडंच वाईट, एका धुण्यात आटतात. बायकोला म्हटलं तर म्हणाली, "हो ना, फार आटतात," आणि खिडकीबाहेर बघायला लागली. इस्त्रीच्या टोकाचा टवका उडालाय, ती कुणी पाडली तेही कुणी सांगत नाही. या घरात मी एकटाच बोलतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज नव्या डॉक्टरीणबाईंकडे. दोन्ही रिपोर्ट, सासूबाईंचे दोन्ही रिपोर्ट आणि सगळे आकडे मांडलेला माझा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाईंचे कागद बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कोण?"

"शून्य," मी म्हटलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. भली बाई आहे. मग म्हणाल्या, "दोन्ही लॅब बरोबर आहेत."

मी म्हटलं, "असं कसं? एक १.६ म्हणतो, एक अडीच. दोघंही खरे?"

"दोघांची मशीनं वेगळी, मोजायची पद्धत वेगळी. तुम्ही तुमच्या वितीने मोजाल आणि मी माझ्या वितीने. टेबल तेवढंच, आकडे दोन. मात्र मी जे औषध देणार आहे त्याचा डोसाचा तक्ता बँकेच्या वर जे मशीन आहे त्याच्याच आकड्यांवर बसवलाय. तेव्हा मी तिथलाच आकडा धरणार. तिथला डोस आणि पुलाजवळचा आकडा अशी सांगड घातली की घोटाळा. मागच्या वेळी बहुतेक तेच झालं असावं."

मला एकदम हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. इतके दिवस चोर शोधत होतो आणि चोर नव्हताच. पण मनात म्हटलं, शंका काढली म्हणून तर कळलं.

"आणि डोस फक्त या आकड्यावर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजनावरही असतो. बासष्ट किलो लिहिलंय, बरोबर?"

बायको पाणी पीत होती. तिला असा ठसका लागला की नर्स धावत आली.

"वजनावर असतो?" ही म्हणाली. "कुणी लिहिलं बासष्ट?"

"मी," मी म्हटलं. "तू आत रक्त देत होतीस तेव्हा फॉर्म भरला. घरच्या काट्यावरचं आहे, ग्रॅमचाही फरक नाही."

"माझं वजन इथं करून घ्या," ही नर्सला म्हणाली.

"गरज नाही," मी.

"आहे," ही. शिकाऊ माणूस समोरच्या ट्रकवर गाडी घालायला निघाला की हिचा जो आवाज निघतो, तो.

नर्सने त्यांच्या काट्यावर उभं केलं. सहासष्ट.

मी हसलो. खरंच हसलो. एवढा मोठा दवाखाना आणि काटा चार किलोने चुकतोय! याच काट्यावर पेशंटच्या औषधाचं माप काढतात. मी तिथेच सांगितलं, "डोस आत्ता लिहू नका. उद्या मी वजनांची पेटी घेऊन येतो. तुमचा काटा फुकट तपासून देतो."

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. नर्सला अचानक काहीतरी आणायला आत जावं लागलं.

गाडीत बायको म्हणाली, "ऐक ना, मला तुला एक सांगायचंय."

मी म्हटलं, "आधी मला सांगू दे," आणि काट्याखालची फरशी समतल नसली तर काय होतं ते नीट समजावलं. घर आलं तरी माझं संपलं नव्हतं. दारात ती म्हणाली, "जा बाबा, जाऊन ये उद्या. त्याशिवाय तू ऐकणार नाहीस."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याचा काटा तपासला. शून्य बरोबर. चारही कोपरे बरोबर. वीस किलो, चाळीस, साठ: बरोबर, बरोबर, बरोबर. फरशी समतल. बाजारात आयुष्य गेलं माझं, इतका प्रामाणिक काटा क्वचित बघितलाय. नर्स शेजारी उभी राहून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होती. गरज नव्हती त्याची.

मी पेटी उचलली आणि परत आलो. दोन काटे, एक खरा ठरला, म्हणजे उरला कोण? हे गणित बालवाडीतलं पोरही सोडवील.

घरी सासूबाई बसल्या होत्या, बायको भाजी चिरत होती. मी सरळ काट्याकडे गेलो. शून्य बघितलं. बरोबर. वीसचं वजन ठेवलं.

१८.८.

काढलं, परत ठेवलं. १८.८.

मी तिथेच जमिनीवर बसलो. दुसऱ्यांचे काटे तपासत गावभर हिंडतो, लोकांना दंड होईल म्हणून धमकावतो, आणि माझ्याच घरात हा काटा रोज सकाळी मला तोंडावर खोटं बोलत होता. आणि मी पँटच्या कापडाला शिव्या देत होतो.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांनाही माहीत होतं तर!

"आई, तू जरा घरी जा," बायको म्हणाली. सासूबाई गेल्या. म्हणजे दाराबाहेर गेल्या. सावली दिसत होती.

बायको माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "तूच शिकवलं होतंस, काटा कसा जुळवायचा. वीस किलो ठेवायचं, बटण दाबायचं, काट्याला सांगायचं हे वीस. मी वीस किलोवर इस्त्री ठेवली आणि मग सांगितलं, हे वीस."

इस्त्री! टवका!

"काढताना पडली," ती म्हणाली.

शून्य बरोबर आणि जितकं वजन जास्त तितकं खोटं मोठं. कामाला नाव ठेवायला जागा नाही. बाजारात एवढी सफाई बघितली असती तर मी त्या दुकानदाराचा सत्कार केला असता. पण माझा आवाज चढला. "का पण? का?"

"मागचं सगळं फसल्यावर तू कसा झाला होतास, आठवतं? दुकानातून यायचास आणि टीव्ही न लावता टीव्हीकडे बघत बसायचास. रोज सकाळी काट्यावर चढायचास, आकडा वाढलेला असायचा, तेच पडलेलं तोंड घेऊन दिवसभर फिरायचास. माझ्या रिपोर्टचे आकडे वाईट, तुझं वजन वाईट. मला वाटलं, या घरात एक तरी आकडा बरा यावा. तेवढा एकच माझ्या हातात होता." मग म्हणाली, "डोस वजनावर असतो हे मला कुठे माहीत होतं? काल अंगाला काटाच आला. रात्रीच डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी सहासष्टवरच डोस लिहिलाय."

म्हणजे आज माझ्या पेटीची तिथे काही गरजच नव्हती. डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, नर्सला माहीत होतं. अख्ख्या दवाखान्याने मला वजनं उचलताना बघितलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"गाडीत सांगत होते. तू मला फरशी शिकवत होतास."

मी वीसचं वजन उचलून पेटीत ठेवलं. ती म्हणाली, "तू लॅब तपासतोस, मशीन तपासतोस, आईचं रक्त काढतोस. एकदा तरी सरळ म्हण ना, की तुला भीती वाटते."

लिहून ठेवतो, कारण बोलताना मला धड बोलता आलं नाही. मला भीती वाटते. मागच्या वेळी ही कण्हत होती आणि मी शेजारी उभा होतो, हातात काही नव्हतं. टोचतं हिला, दुखतं हिला, आणि मला नुसतं बघायचं असतं. मोजायला लागलो की निदान काहीतरी करतोय असं वाटतं. इतकंच आहे ते सगळं. एवढं मोडकंतोडकं बोललो तर ती रडायला लागली आणि मग मीही. दाराबाहेरून सासूबाईंचाही आवाज यायला लागला.

जेवणाआधी काटा परत जुळवला. इस्त्री न ठेवता. माझं वजन ब्याऐंशी. कापडाची जाहीर माफी मागितली.

३ मार्च, सोमवार

इंजेक्शनं सुरू. मी देतो. पहिल्यांदा सुई झटक्यात खुपसायला निघालो. ही म्हणाली, "क्लच हळू सोड." दिलं एकदाचं. डोळे हिने उघडे ठेवले, मी मिटले होते, हे नंतर कळलं.

१० मार्च, सोमवार

सोनोग्राफी. बीजं वाढतायत, फार नाही नि थोडी नाही. पोट फुगलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोस छान बसला." मी काही बोललो नाही. मोठ्या कष्टाने बोललो नाही.

१४ मार्च, शुक्रवार

बीजं काढली. आठ. मी विचारलं, "मोजताना कुणी..." आणि बायकोने गुंगीतसुद्धा माझ्या पायावर पाय दिला. ब्रेक.

१९ मार्च, बुधवार

आज गर्भ आत सोडला. एकच, बारीक. पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला. वजन किती असेल असं मनात आलं. विचारलं नाही. आता नुसतं थांबायचं. थांबण्याला काटा नाही.

२६ मार्च, बुधवार

थांबलोय. दुकानात आज तीन गिऱ्हाइकांना उलट बोललो, त्यातल्या एकाचा काटा बरोबर होता. घरी येताना हिच्यासाठी संत्री आणली. ही म्हणाली, "वजन करून घेतलीस का?" मी म्हटलं, "नाही. दुकानदारावर विश्वास ठेवला." ही संत्रं सोलता सोलता थांबली आणि माझ्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते बघितलं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी बँकेच्या वरच्या लॅबमध्ये रक्त दिलं, गर्भ धरलाय की नाही ते कळायला. ठरवलं होतं, एकच लॅब, एकच आकडा, जो येईल तो मान्य. बायकोनेच वचन घेतलं होतं. सासूबाईंसमोर घेतलं, म्हणजे गल्लीसमोरच.

दुपार दोघांनी सुट्टी टाकून फोनसमोर बसून काढली. सासूबाईही होत्या. फोन वाजला तेव्हा उचलायला कुणीच हात पुढे करेना. शेवटी सासूबाईंनी उचलला, ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि बायकोकडे दिला. हिने ऐकलं. आकडा विचारला. परत विचारला. मग फोन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि मला तोंडाने सांगायची वेळच आली नाही तिच्यावर.

गर्भ धरलाय.

मी आकडा काय, एकक कुठलं, मशीन कोणतं, काही विचारलं नाही. शप्पथ, मनातही आलं नाही. मी नुसता रडलो आणि मग पाणी प्यायलो आणि मग परत रडलो.

थोड्या वेळाने बायको चप्पल घालायला लागली.

"कुठे?" मी विचारलं.

"पुलाजवळच्या लॅबमध्ये."

"अगं, वचन? एकच लॅब! आणि त्यांचं मशीन वेगळं, आकडा वेगळा येईल..."

"येऊ दे ना वेगळा," ती म्हणाली. डोळे लाल, आणि हसत होती. "मला फक्त आणखी एकदा ऐकायचंय."

मी गाडीची किल्ली शोधत होतो तोवर सासूबाई तयार होऊन दारात आल्या. नवी साडी, पावडर, पर्स. आणि दंडावरची बाही आत्ताच वर सरकवलेली.

"चला," त्या म्हणाल्या. "शून्य लागेल ना?"